सहीमागचा माणूस

कोकण रेल्वेने वसईमार्गे गुजरातकडे निघालेल्या गोमंतकीय प्रवाशाला नवसारी मागे पडली की सुरतेची चाहूल लागते. मरोली, सचीन, भेस्तान, उधना अशी स्थानके भराभर येतात आणि जातात. जलद गाडीतील प्रवासी त्यांच्या पाट्याही पुरत्या वाचत नाही. सामानाची आवराआवर करण्यात तो गुंतलेला असतो. भेस्तान हे नाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानांवरून गेले असेल. परंतु सुरतेच्या दक्षिण टोकावरील हा भाग मराठी माणसाला परका नाही. जळगावहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग उधन्यास मिळतो. त्या मार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे पिढ्यानपिढ्या येथील मागांवर आणि रंगाईच्या गिरण्यांत पोटासाठी येत राहिली आहेत. सुरतेच्या नगरपालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात, त्याचे कारण हेच. एका अंगाला पांडेसरा, दुसऱ्या अंगाला सचीन अशा दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये भेस्तान वसले आहे, आणि तेथील आयुष्याला या दोन्ही वसाहतींचा वास आहे.

यांपैकी सचीनच्या वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे जे घडले त्याने या लेखास निमित्त पुरविले आहे. एका टँकरमधील घातक रासायनिक सांडपाणी रात्रीच्या आडोशाने नाल्यात रिकामे केले जात असता विषारी वायू उसळला आणि शेजारच्या गिरणीतील ६ कामगार गुदमरून मेले. वीसांहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढे अटका झाल्या, हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली. हे सारे ठीकच झाले. परंतु जरा विचार करून पाहा. घातक रसायनाचा टँकर कारखान्याच्या दारातून बाहेर पडतो तेव्हा त्यासोबत कागद असावा लागतो. माल कोणता, किती, कोठून निघाला आणि कोठे विल्हेवाटीस जाणार, हे त्या कागदावर लिहिलेले असावे आणि देणाऱ्याने, नेणाऱ्याने व घेणाऱ्याने त्यावर सह्या कराव्यात, असा नियम आहे. त्या सह्यांची पडताळणी करावयास मंडळे आहेत, निरीक्षक आहेत. नियम होता, मंडळ होते, निरीक्षक होते. आणि तरीही टँकर नाल्याच्या काठी पोचला.

सार्वजनिक जीवनातील सचोटी म्हटली की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांपुढे येते. टेबलाखालून पुढे आलेला हात झिडकारणारा अधिकारी! जो पैसे खात नाही तो प्रामाणिक, एवढी आपली व्याख्या. ही व्याख्या फार तोकडी आहे, असे आमचे मत आहे. शासनाचा सारा व्यवहार कागदावर चालतो आणि कागदाला जीव येतो तो सहीने. ‘प्रत्यक्ष पाहणी केली, सर्व काही नियमानुसार आढळले’ या वाक्याखाली सही करणारा कनिष्ठ अभियंता जर त्या जागी गेलाच नसेल, तर त्याने एक पैसाही घेतला नसला तरी त्याने असत्याची साक्ष दिली आहे. न्यायालयात खोटी साक्ष देणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. कचेरीत बसून दिवसाला दहा खोट्या साक्षी देणाऱ्याला मात्र आपण ‘कामाचा उरक असलेला माणूस’ म्हणतो.

जुन्या राज्यशास्त्राला हे चांगले ठाऊक होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी धन लांबविण्याचे चाळीस प्रकार नोंदविले आहेत. तिजोरी फोडणाऱ्या चोराची चाहूल तेथे क्वचितच लागते. आधी जमा झालेले मागाहून लिहिणे, एकाच्या नावावरचे दुसऱ्याच्या नावावर चढविणे, थोड्याचे अधिक आणि अधिकाचे थोडे दाखविणे, असेच प्रकार त्या यादीत अधिक आहेत. म्हणजे चोरीचे हत्यार पहार नसून लेखणी होय, हे त्याने दोन हजार वर्षांमागे ओळखले होते.

मराठी माणसाला तर यासाठी कौटिल्यापर्यंतही जावयास नको. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपल्या घराघरांत आहे. नारायणराव पेशव्यास ‘धरावे’ अशी आज्ञा असता एका अक्षराच्या फेरफाराने तिचे ‘मारावे’ झाले, ही परंपरागत कथा. ते अक्षर कोणी बदलले, बदलले की नाही, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात तो कोवळा पेशवा मारला गेला, हे काही खोटे नव्हे. एवढ्या मोठ्या रक्तपाताची आठवण समाजाने जपली ती तलवारीच्या नावाने नव्हे, तर खाडाखोड केलेल्या कागदाच्या नावाने, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढचा भाग सर्वश्रुतच आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, गादीवर बसलेल्या रघुनाथरावास दोषी ठरविले, त्याला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्याच्या तोंडावर सांगितले, आणि पद सोडून ते पुण्यातून वाईकडे निघून गेले.

रामशास्त्र्यांची ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, त्यावर नाटके पाहतो, टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. तिचे शेपूट मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि त्याचा आमच्या विषयाशी निकटचा संबंध आहे. दोषी ठरलेला रघुनाथराव पुढे गेला कोठे? तो गेला सुरतेस. तेथे मार्च १७७५ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईच्या गादीच्या बदल्यात मुंबईजवळची साष्टी व वसई त्यांना लिहून दिली. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेली वसई एका सहीने गहाण पडली! या सहीतून जे युद्ध उपजले ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. वसई परत आली, पण साष्टी गेली ती गेलीच. एका माणसाने दिलेला निर्भय निर्णय राज्याच्या हाती होता, पण तो अमलात आणणारी यंत्रणा त्या क्षणी नव्हती. बारभाईंनी बस्तान बसविल्यावर रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर आले, ही गोष्टही आपण विसरू नये. ते निःस्पृह होते खरेच, परंतु निःस्पृहतेला पाठबळ देणारा कारभार उभा राहताच ते परतले. रुसून बसलेले संन्यासी ते नव्हते.

आता याच सुरतेत दोनशे वर्षांनी काय घडले ते पाहू. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात फुप्फुसाच्या प्लेगने थैमान घातले. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेत तापीचा पूर ओसरला होता. मेलेली जनावरे, गाळ आणि कचरा यांच्या राशी रस्तोरस्ती होत्या, आणि वेड रोडच्या बाजूने गणेशविसर्जनाच्या पाठोपाठ माणसे पटापट आजारी पडू लागली. पन्नासांहून अधिक माणसे दगावली. काही लाख लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले, आणि लाजेने मान खाली घालावी अशी गोष्ट म्हणजे त्यांत अनेक खासगी डॉक्टरही होते. हा प्लेगच होता काय, यावर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. शहर गलिच्छ होते यावर मात्र कोणाचाच मतभेद नव्हता.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे आयुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी जे केले त्याचे वर्णन ‘कडक शिस्तीचा अधिकारी’ या ठरीव शब्दांनी केले जाते, आणि त्यामुळे मुख्य गोष्ट निसटते. त्यांनी शहराचे ६ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्यास आयुक्ताचे पुष्कळसे अधिकार, खर्चाच्या अधिकारासह, देऊन टाकले. सत्ता आपल्या मुठीत आवळून धरणे हा जेथे मोठेपणा समजला जातो तेथे एखाद्याने ती वाटून टाकावी, हीच मुळी नवलाची बाब. दुसरे असे की, सकाळचे काही तास सर्व वरिष्ठांनी रस्त्यावर, गटारापाशी, झोपडपट्टीत काढावयाचे आणि दुपारनंतर कचेरीत बसून जे पाहिले त्याचा हिशेब एकमेकांपुढे मांडावयाचा, असा परिपाठ त्यांनी घालून दिला. थंडगार खोलीतून बाहेर पडून रोजच्या कामास भिडणे, असे त्याचे मर्म होते. नागरिकांच्या तक्रारींना मुदती ठरल्या. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. घाण करणाऱ्या उपाहारगृहांना आणि दुकानांना दंड होऊ लागला. अतिक्रमणे पाडताना वजनदारांची बांधकामेही सुटली नाहीत.

यात सचोटी कोठे आली, असे कोणी विचारील. आमच्या मते ती येथेच आली. सकाळी ज्याने गटार स्वतः पाहिले त्याला दुपारी ‘गटार स्वच्छ आहे’ या वाक्याखाली सही करणे जड जाते. आणि शेजारच्या विभागाचा अधिकारीही सकाळी बाहेरच होता, हे ठाऊक असल्यावर ते अधिकच जड जाते. रावांनी आपल्या हाताखालच्या हजारो माणसांचे चारित्र्य रातोरात पालटले, असे मानण्याचे कारण नाही. तीच माणसे होती, तोच पगार होता. पाहणे आणि सही करणे यांच्यामध्ये पडलेली दरी मात्र त्यांनी बुजविली. १९९६-९७ मध्ये ‘इंटॅक’ या संस्थेच्या पाहणीत चंडीगढच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव आले. १९९८ मध्ये रावांना पद्मश्री मिळाली. तोपर्यंत ते सुरत सोडून गेलेही होते. सुमारे अडीच वर्षांचा हा सारा खेळ. मागाहून आलेल्या आयुक्तांनी झाडलोटीची घडी बहुतांशी राखली, आणि २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. म्हणजे प्लेगच्या शहराने शिकलेला धडा तीस वर्षे टिकला, असे म्हणता येईल.

म्हणता येईल, पण पुरतेपणी नाही. कारण झाडूच्या बाबतीत जो धडा टिकला तो बांधकामाच्या फायलीपर्यंत पोचला नाही. २४ मे २०१९ रोजी याच सुरतेतील तक्षशिला आर्केड या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आग लागली. तेथे मुलांचे शिकवणीवर्ग भरत. तो मजला नियमबाह्य वाढविलेला, खाली उतरावयाचा जिना आगीच्या तोंडी. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. ती दृश्ये देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. २२ विद्यार्थी गेले. अग्निशमन दलाच्या आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांवर निलंबनाची व अटकेची कारवाई झाली. ज्या महापालिकेने रस्त्यावर कागदाचा कपटा राहू न देण्याची ख्याती मिळविली होती, तिच्या हद्दीत एक अख्खा मजला भर बाजारात उभा राहिला आणि तो कोणा निरीक्षकास दिसला नाही! कचरा पाहणारे डोळे आणि मजले पाहणारे डोळे एकाच देहाचे नव्हते, एवढाच याचा अर्थ. कचऱ्यात कोणाचे फारसे हितसंबंध नसतात. चटईक्षेत्रात असतात.

त्यानंतर गुजरातभर तपासण्या झाल्या, दाखल्यांवाचून चालणारे वर्ग बंद झाले, फलक लागले. आणि ५ वर्षे व १ दिवस लोटल्यावर, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या खेळघरात आग लागून २७ माणसे जळून मेली. त्यांत मुले होती. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. तपासात पुढे जे आले ते कौटिल्याच्या यादीत शोभावे असे होते. आग विझल्यावर कचेरीतील नोंदवहीत मागाहून फेरफार केल्याच्या आरोपाखाली नगररचना विभागातील माणसांना पोलिसांनी धरले. प्रेतांची ओळखही अद्याप पटावयाची होती आणि कोणी तरी ‘ध’चा ‘मा’ करावयास बसले होते.

आमच्या गोमंतकीय वाचकांनी ही सारी शेजारच्या राज्याची कर्मकथा म्हणून वाचू नये. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाईटक्लबात २५ जणांचा कोळसा झाला. त्यांत बहुसंख्य स्वयंपाकघरात आणि तळघरात राबणारे, परप्रांतांतून आलेले कामगार होते. त्या बांधकामाला पंचायतीने पाडण्याची नोटीस दिली होती आणि वरिष्ठ कचेरीतून तिला स्थगिती मिळाली होती, असे त्यानंतर सरपंचांनीच सांगितले. काही अधिकारी निलंबित झाले. येथेही कागद होता. नोटिशीवर एक सही होती, स्थगितीवर दुसरी. या दोहोंपैकी कोणत्या सहीने त्या जागेचा अरुंद रस्ता आणि बाहेर पडावयाची वाट स्वतः पाहिली होती, हा प्रश्न न्यायालयीन भाषेत कसा विचारला जाईल ते वकिलांनी ठरवावे. साध्या माणसाच्या भाषेत तो एवढाच आहे.

अशा सह्यांवर नजर ठेवण्यासाठी आपण लोकायुक्त नेमतो. गुजरातेत ते पद २००३ पासून सुमारे १० वर्षे रिकामे होते. राज्यपालांनी परस्पर नेमणूक केल्यावरून शासन थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, आणि तेथे नेमणूक वैध ठरल्यावर निवड झालेल्या निवृत्त न्यायमूर्तींनी स्वतःच ते पद नाकारले. आपल्याकडे पद भरलेले होते, हे खरे. परंतु न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्र यांनी सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त होताना सांगितले ते काय? आपण दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही शासनाने कारवाई केली नाही. रिकामी खुर्ची आणि न ऐकलेली खुर्ची यांत डावे-उजवे काय करावयाचे? पहिलीत निदान सोंग तरी नाही, असे म्हणण्याचा मोह होतो.

या ठिकाणी कचेरीतल्या माणसाची बाजूही मांडली पाहिजे. ती न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘साहेबांनी फोनवर सांगितले’ हे वाक्य ज्याने नोकरीत ऐकले नाही असा कारकून विरळा. सही न करणाऱ्याची बदली होते; मुलांच्या शाळेचे वर्ष बुडते, म्हातारे आईवडील मागे राहतात. कधी याहूनही भयंकर घडते. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ वाटेत थांबले. तेथे टँकरमधून तेलाची चोरटी उतराई चाललेली त्यांच्या दृष्टीस पडली, आणि ती तपासावयास ते स्वतः पुढे गेले. त्यांना भर दिवसा रॉकेल ओतून जाळण्यात आले. पाहिल्यावाचून सही करणारे सुखाने निवृत्त होतात आणि पाहावयास गेलेला जिवंत जाळला जातो, असा धडा जर खालच्या कर्मचाऱ्याने यातून घेतला तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितीसा पोचतो?

म्हणूनच सचोटीचा सारा भार एकट्या माणसाच्या पाठीवर लादून टाळ्या वाजविणे आम्हाला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निर्णय देताना, सनदी नोकरांनी तोंडी हुकमांवर चालू नये, असे हुकूम लेखी नोंदवून घ्यावेत आणि त्यांना पदावर किमान निश्चित काळ मिळावा, असे बजावले. हा निर्णय किती कचेऱ्यांच्या भिंतीवर लागला आहे? आतली कुलंगडी उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला. दशक लोटले तरी त्याचा अंमल सुरू झाला नाही. कायदा करावयाचा आणि तो कपाटात ठेवावयाचा, हीही एक प्रकारची पाहणी न करता केलेली सहीच म्हणावयाची.

उपाय सांगा, असा आग्रह वाचक धरतील. थोर योजना आमच्यापाशी नाहीत. परंतु पाहणीचा अहवाल ज्याने दिला त्याचे नाव, हुद्दा, पाहणीचा दिवस व वेळ त्या इमारतीच्या दारावर लावणे एखाद्या पंचायतीला उद्यापासून करता येईल; त्याला विधेयक लागत नाही. शिकवणीवर्गाला मूल सोडावयास आलेली आई तो कागद वाचील, आणि जिन्याकडे नजर टाकून त्यातले खरेखोटे तिचे तीच ताडील. गोव्याने माहितीच्या हक्काचा कायदा देशात अगदी आरंभी, १९९७ मध्येच केला होता, याचा आपल्याला अभिमान आहे. तो मिरवण्यापुरता राहिला आहे, ही गोष्ट निराळी. २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नागरिकाला केवळ कागदाच्या नकला नव्हे, तर सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्क तीत दिला आहे. भेस्तानमध्ये झोपडपट्टीतून हलविलेल्या कुटुंबांसाठी सरकारी घरकुले उभी राहिली आहेत, तशी ती आपल्याकडेही आहेत, आणि पूल, शाळा, नाले तर गावोगाव आहेत. त्यांतल्या एखाद्या स्लॅबमधील सिमेंट-वाळूचा नमुना मागणारा अर्ज कोणी खरोखर दिला, तर तो स्वीकारणाऱ्या कचेरीत त्या दिवशी कोणकोणत्या जुन्या फायली बाहेर निघतील, हे पाहण्याची आम्हाला उत्सुकता आहे.